थकबाकी

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीबाहेर ताटकळणारी माणसं आतून येणाऱ्याचा चेहरा बघत नाहीत, हात बघतात. व्हिसा मंजूर झाला तर पासपोर्ट आत ठेवून घेतात आणि काही दिवसांनी व्हिसा चिकटवून परत करतात. नामंजूर झाला तर खिडकीतून तिथल्या तिथे हातात देतात. मे २०२३ मधल्या त्या सकाळी माझा मामेभाऊ आई-आप्पांचे मोबाइल खिशात घेऊन रस्त्याच्या कडेला उभा होता. त्याला आधी आई दिसली. दोन्ही पासपोर्ट तिने पोथीसारखे छातीशी धरले होते आणि ती हसत होती. साहेबांनी पासपोर्ट नीट परत दिले म्हणजे काम झालं, असंच तिला वाटलं होतं. मागून आप्पा येत होते. त्यांना कळलं होतं. तिला त्यांनी अजून सांगितलं नव्हतं.

न्यू जर्सीत तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. मला सहावा महिना होता. फोनवर आप्पा एवढंच म्हणाले, ‘नाही म्हणाले गं. एक कागद दिलाय. फोटो पाठवायला सांगतो त्याचा.’ आणि मग मलाच म्हणाले, ‘तू जागू नको आता.’

तो कागद मी त्या रात्री कितीदा वाचला याला गणती नाही. ‘टू-फोर्टीन-बी लागलं’ असं इथली आपली माणसं म्हणतात. १९५२ च्या अमेरिकन इमिग्रेशन कायद्यातलं हे कलम २१४(बी). पाहुणा म्हणून व्हिसा मागणारा माणूस कायमचा राहायलाच निघालाय, असं हा कायदा आधी धरून चालतो. तसं नाही, माझं घरदार, माझं सगळं मागे आहे आणि मी परत येणार आहे, हे त्या माणसाने खिडकीतल्या अधिकाऱ्याला पटवून द्यायचं. न्यायालयात आरोपीला निर्दोष धरून सुरुवात करतात. इथे सुरुवात उलट टोकाकडून होते. निर्णयावर अपील नाही. पण नकार कायमचाही नसतो. दुसऱ्या दिवशीसुद्धा नवा फॉर्म, नवी फी भरून पुन्हा अर्ज करता येतो. फक्त तुमच्यात नेमकं काय कमी पडलं, ते त्या छापील कागदावर नसतं. सगळ्यांना तोच मजकूर.

चूक शोधायला मला लांब जावं लागलं नाही. ती मी भरलेल्या फॉर्ममध्येच होती. किती दिवस राहणार, या रकान्यात मी लिहिलं होतं: सहा महिने. पाहुण्यांना विमानतळावर साधारण सहा महिने राहायची मुभा देतात, तिकिटाला एवढे पैसे घालायचे तर पूर्ण राहू देत, असा माझा हिशेब. जुलै ते जानेवारी. ऑगस्टमध्ये बाळंतपण, मग माझी रजा संपल्यावर बाळाजवळ घरचं कुणीतरी. सगळा हिशेब माझा होता. आप्पांची कराडजवळ कृष्णाकाठी चार एकर शेती आहे आणि ती सगळी उसाची. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते. तो ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो आणि कारखाने सुरू झाल्यावर, थंडीत, तोडीला येतो. म्हणजे लागणीलाही घरात नाही आणि तोडीलाही नाही, असा काळ मी नेमका निवडला होता. आमच्या भागातल्या कुठल्याही पोराने सांगितलं असतं, की ऊसवाला माणूस या दिवसांत गाव सोडत नाही. त्याच घरात वाढून मी ते विसरले होते.

आणि मी त्यांना उत्तरं पाठ करायला लावली. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर. ‘कशासाठी जाताय?’ ‘टुरिझम.’ ‘काय काय बघणार?’ ‘नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन.’ आईच्या तोंडात नायगारा बसेना. तांदूळ निवडता निवडता ती पुटपुटत राहायची, नायगारा, नायगारा, आणि मी इकडून तिला सुधारायची. बाळंतपणाचं नाव काढायचं नाही, अशी सक्त ताकीद दिलेली. इथे ज्याला त्याला विचारलं होतं, आणि ज्याने त्याने हेच सांगितलं होतं. खरं म्हणजे लेकीला भेटायला, नातवंडाला बघायला जाणं त्या व्हिसाच्या नियमात पूर्ण बसतं. पण मला नुसती भेट नको होती. मला घरात माणूस हवं होतं. म्हणून त्या अधिकाऱ्याने संशय घेतला असेल, तर तो अगदीच हवेतला नव्हता असं मला आज वाटतं. खोटेपणा आप्पांच्या डोळ्यांत दिसला असेल तर तो मी ठेवलेला होता.

भाषाही मीच ठरवली. मुंबईत मराठीतून मुलाखत देता येते हे माहीत असून मी इंग्रजीचा आग्रह धरला, वजन पडेल म्हणून. आप्पा इंग्रजी कागद नीट वाचतात, पण बोलायची वेळ कधी आलेली नव्हती. तीन मिनिटं ते उभे होते. चार एकर ऊस करणारा माणूस सहा महिने टुरिझमला चाललाय, हे ते स्वतःच्या तोंडाने परक्या भाषेत सांगत होते. निळ्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये सातबारा होता, आठ-अचा उतारा होता, दोन्हींची इंग्रजी भाषांतरं होती, सीएकडून केलेलं मालमत्तेचं मूल्यांकन होतं, ठेवींचे दाखले होते, माझ्या पगाराच्या स्लिपा होत्या. फाइल कुणी उघडायला सांगितली नाही. आप्पांनी ती काउंटरवर ठेवली आणि जाताना उचलली.

आप्पा एकतीस वर्षं गावच्या विकास सोसायटीचे सचिव होते. पीककर्जाची प्रकरणं त्यांच्या हाताखालून जायची. कुणाला किती द्यायचं ते पंच कमिटी ठरवायची, पण माणूस कसा आहे हे विचारायचं ते आप्पांना. उसाचं बिल आलं की वसुली व्हायची, मार्चअखेरीला हिशेब लागायचा, आणि ज्यांचं राहिलं त्यांची यादी सोसायटीच्या फळ्यावर लागायची. थकबाकीदार. लहानपणी त्या फळ्यासमोरून जाताना आम्ही मैत्रिणींच्या वडलांची नावं वाचायचो आणि घरी येऊन बोललो तर आप्पा रागवायचे. फळा वाचायला असतो, बोलायला नसतो, म्हणायचे. त्या यादीची लाज काय असते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? पहिल्या नकारानंतर ते आईला म्हणाले होते, ‘जन्मात कुणाचा रुपया ठेवला नाही, आणि त्या बोर्डावर नाव लागल्यागत झालं बघ.’ मला नाही सांगितलं. आईने मला ते सांगितलं सहा-सात महिन्यांनी, तेही चुकून बोलून गेली.

गावात लोक विचारत होते, कधी निघणार. आप्पा सांगत होते, लांबलंय जरा.

ऑगस्टमध्ये बाळ झालं. मैत्रिणींनी आळीपाळीने डबे दिले, एकीने अळिवाचे लाडू करून आणले. आईने मोबाइलच्या पडद्यातून बाळाला न्हाऊमाखू घातलं म्हणायचं. ‘पाठीवरनं वरच्या अंगाला नको, खाली ने हात. आता टाळूवर तेल घाल, दाबू नको.’ माझ्या हातावर तिचा हात नव्हता, फक्त आवाज होता, आणि नेटवर्क अडकलं की तोही मध्येच थांबायचा. मी पुन्हा अर्ज करूया म्हटलं की आप्पा म्हणायचे, ‘नको बाई आता. तूच ये.’

तूच ये. ते बरोबरच होतं. पण गेलं की नवा व्हिसा पासपोर्टवर घेतल्याशिवाय मला परत येता येत नाही, त्याच्या तारखा मिळत नाहीत, नोकरी त्या शिक्क्यावर उभी. ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून जास्त येत नाहीत, आणि भारतीयांची रांग इतकी लांब आहे की तिच्यात उभं राहून पोरं मोठी होतात. हे सगळं मी आप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही, कारण ती मलाच त्या दिवसांत पहिल्यांदा नीट कळत होती. २०१२ मध्ये विद्यार्थी व्हिसासाठी मी त्याच इमारतीत गेले होते. वकिलात ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमधून या नव्या जागेत येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. विद्यार्थ्यालाही हेच कलम लागू असतं. त्यानेही सिद्ध करायचं असतं की शिकून झालं की मी परत जाणार. बावीस वर्षांची मी, अंगावर नवा ड्रेस, खिडकीसमोर उभी राहून म्हणाले होते की शिक्षण झाल्यावर परत येऊन इथेच नोकरी करायची आहे, वडलांची शेती आहे, मी एकुलती एक आहे. दोन मिनिटांत त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी खोटं बोलले नव्हते. मला खरंच परत यायचं होतं. विमानतळावर आप्पांनाही तेच सांगितलं होतं, दोन वर्षं शिक्षण, दोन वर्षं नोकरी, कर्ज फिटलं की आलेच. शिक्षणाचं कर्ज फिटून कितीतरी वर्षं झाली.

त्या देशाने परत येण्याचं वचन आमच्या घरातल्या दोघांकडून मागितलं. ज्याने मोडलं नसतं त्याला नाही म्हणाले, आणि जिने मोडलं तिला हो म्हणाले होते. त्या फळ्यावर नाव लागायचंच असेल तर ते माझं लागायला हवं होतं. आप्पांच्या नकाराचं एक कारण मी आहे, हे मला कुठल्याच कागदावर लिहून मिळालं नाही. पण ज्याची मुलगी अकरा वर्षांत परत आली नाही, तो परत येईल कशावरून, असं समोरच्याच्या मनात आलं असेल, तर त्याला दोष कसा देऊ?

जानेवारी संपता संपता एक दिवस आप्पांचाच फोन आला. ऊस गेला होता, रान मोकळं होतं, आवाजही मोकळा होता. म्हणाले, ‘भर तो फॉर्म.’ काय झालं विचारलं तर त्यांनी एका माणसाची गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वीची. त्याचं प्रकरण आप्पांनीच मागे ठेवायला लावलं होतं. माणूस कामाचा वाटला नव्हता. पुढच्या हंगामाला तो पुन्हा आला, तेच कागद घेऊन, आणि काही न बोलता समोर बसून राहिला. ‘मी पण दोन मिनिटांतच ठरवायचो गं. शंभर माणसं बाहेर बसलेली असायची. काही वेळा चुकायचो. पण दुसऱ्यांदा आलेल्या माणसाकडं मी नीट बघायचो. अपमान गिळून आलाय म्हणजे गरज खरी असणार.’ त्या माणसाने पुढे कर्ज फेडलं का, हे मी विचारलं. ‘पै न् पै,’ आप्पा म्हणाले.

या वेळी मी फॉर्म एकटीने भरला नाही. रविवारी सकाळी, त्यांच्या संध्याकाळी, एकेक प्रश्न मी मराठीत विचारला आणि त्यांनी जे सांगितलं ते लिहिलं. याआधी तुम्हाला व्हिसा नाकारला आहे का, असा प्रश्न त्यात असतो. तिथे ‘हो’ लिहिताना माझा हात थांबला. हा हो आता पुढच्या प्रत्येक फॉर्मवर लिहायचा. आप्पा म्हणाले, ‘लिही की. झालंय ते झालंय.’ किती दिवस राहणार? ‘ऊस गेल्यावर निघायचं, लागणीच्या आत परत.’ म्हणजे किती ते आम्ही दोघांनी बोटांवर मोजलं. दहा आठवडे. कशासाठी? मी टुरिझम म्हणणार एवढ्यात मागून आई बोलली, ‘नातवाला बघायला, दुसरं काय?’ तेच लिहिलं. पहिल्या खेपेला माणशी १६० डॉलर फी होती. ती जून २०२३ मध्ये १८५ झाली. आप्पांनी दोन्ही पावत्या मागवून घेतल्या आणि फाइलला लावल्या.

तारीख मिळाली ऑगस्टची. ती वाट बघत असताना, जून २०२४ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. इथल्या नागरिक असलेल्या एका बाईच्या परदेशी नवऱ्याचा व्हिसा वकिलातीने नाकारला होता. न्यायालयाने सांगितलं, नवऱ्याला देशात प्रवेश मिळावा असा तिला घटनेने दिलेला हक्क नाही. ती नागरिक होती, आणि तो तिचा नवरा. मी नागरिकसुद्धा नाही, आणि माझी माणसं पाहुणी. त्या दिवशी ऑफिसात बसून मी निकालाच्या बातम्या वाचल्या आणि आप्पांना त्यातलं काही सांगितलं नाही.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी बोटांचे ठसे द्यायचे होते. पहिल्या खेपेला ते कसेबसे उमटले होते. या वेळी आप्पांचा उजवा अंगठा यंत्राला दिसेना. उसाचा पाला सुरीसारखा असतो. आयुष्यभर पाचट ओढून, दोरखंड वळून आप्पांच्या बोटांवरच्या रेषा घासून गेल्यात. अंगठ्याच्या मांसल भागावर एक जुनी आडवी चीर आहे, कोयत्याची, आणि तिच्या दोन्ही बाजूंना कातडी चकचकीत, पॉलिश केल्यासारखी. आधार कार्डाच्या वेळीही हेच झालं होतं. तिथल्या मुलीने ओला कागद दिला, बोटं पुसायला लावली, पुन्हा ठेवायला सांगितली. पुन्हा लाल दिवा. मग आईने पुढे होऊन त्यांचा अंगठा आपल्या दोन्ही तळहातांत धरला आणि चोळला, थंडीत चोळतात तसा. मग उमटला. हे मला आईने सांगितलं, आणि सांगताना ती अशी लाजली की मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी गेल्यावर आप्पांनी सांगितलं, मराठीत बोलतो. समोर तरुण बाई होती, शेजारी मराठी समजावून देणारी दुसरी. मागच्या वेळी नकार आला होता, तेव्हापासून काय बदललं, असं तिने विचारलं. आप्पा म्हणाले, ‘नातू झाला. आणि मागच्या वेळी दिवस चुकीचे लिहिले होते.’ मग तिने विचारलं, किती दिवस. आप्पांनी सांगितलं ते तसंच, ऊस गेल्यावर, लागणीच्या आत, दहा आठवडे. दुभाषी बाई क्षणभर थांबली आणि मग तिने बराच वेळ घेऊन ते इंग्रजीत सांगितलं. आडसाली म्हणजे काय, तोड म्हणजे काय. समोरच्या बाईने आणखी विचारलं, तुम्ही नसताना पाणी कोण बघणार? वाटेकरी आहे का? कारखाना नोंद कशी घेतो? आप्पा म्हणतात, इतकं तिने विचारलं की एखाद्याला वाटावं तिलाच लागण करायचीय. आईला तिने एकच विचारलं, तिकडे करमेल का? आई म्हणाली, ‘नातू आहे तोवर करमंल. पण घर बंद करून किती दिवस ऱ्हायचं माणसानं?’

पासपोर्ट आत राहिले. मामेभाऊ म्हणाला, ‘आत्या हात हलवत आली, म्हणून मला कळलं.’ व्हिसा दहा वर्षांचा मिळाला.

दुसऱ्यांदा का मिळाला, ते आम्हाला कधीच कळणार नाही. मराठीत बोलले म्हणून, खरं बोलले म्हणून, की त्या दिवशी खिडकीत दुसरंच कुणी होतं म्हणून. खरं बोलून नकार आलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांच्यापुढे आमची गोष्ट मी कधी तोडगा म्हणून सांगत नाही. मला समाधान एवढंच आहे की या वेळी आप्पा त्या खिडकीपुढे आप्पा म्हणून उभे राहिले.

एप्रिल २०२५ मध्ये ते आले. नेवार्क विमानतळावर नातवाने आधी आजीला ओळखलं, आवाजावरून. पावणेदोन वर्षांचा तो, पडद्यातली बाई अख्खी उभी बघून घाबरला, आणि तिने ‘आलं का माझं सोनं’ म्हटल्याबरोबर वळला. दहा आठवडे घरात सकाळी पाच वाजता चहाचा वास असायचा. नायगारा आम्ही पाहिला. आईने पदर डोक्यावरून घेतला, पाण्याकडे पाहून हात जोडले आणि तो शब्द एकदा नीट म्हणून दाखवला. आप्पा रोज दुपारी वाटेकऱ्याला फोन करायचे, कृष्णेला पाणी किती, शेणखत पडलं का. मुक्काम वाढवा म्हणून मी एकदाच म्हटलं. सहा महिन्यांची मुभा होतीच. आप्पांनी नातवाच्या डोक्यावरचा हात काढला नाही, पण म्हणाले, ‘दहा आठवडे सांगितलेत मी त्या पोरीला.’

ठरल्या दिवशी गेले. विमानतळावर आई रडली, मी रडले. आप्पा निळी फाइल काखेत घेऊन उभे होते. मागच्या नकाराचा कागद अजून तीतच होता, दोन्ही पावत्यांच्या खाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाळाला भरवत होते तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर आप्पांचा फोटो आला. खाली काही लिहिलेलं नाही. पासपोर्टचं पान होतं, मुंबईला उतरल्याचा शिक्का, तारीख स्वच्छ वाचता येईल असा जवळून काढलेला. पान उलटू नये म्हणून कोपऱ्यावर अंगठा दाबून धरलेला होता. त्याच्यावरची आडवी चीरही फोटोत आली होती.